साठीनंतर चॉकलेट: हृदय आणि रक्तवाहिन्या सांभाळून कोणतं, किती आणि कसं खावं

डार्क चॉकलेट हृदयाला चांगलं, हे इतक्यांदा कानावर पडतं की साठी उलटलेल्या कित्येक जणी रोज रात्री जेवण झालं की गोळी घ्यावी तशी त्याची वडी तोंडात टाकतात. घरातली मंडळीही मग हौसेनं मोठाली पाकिटं आणून ठेवतात. या समजुतीत तथ्य आहे, पण सांगितलं जातं तेवढं नाही. शिवाय ते नेमकं कोणत्या चॉकलेटला आणि किती ग्रॅमला लागू होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. हा लेख पाळी गेल्यानंतरच्या वयातल्या स्त्रियांसाठी आणि त्यांच्यासाठी खरेदी करणाऱ्यांसाठी आहे. चॉकलेट आवडत असेल तर ते सोडायची गरज बहुतेकींना नाही. पण ते औषध म्हणून खाऊ नये. आठवड्यातून दोन-तीनदा, मोजून, दुसऱ्या कुठल्यातरी गोडाच्या जागी खावं. बाकीचा सगळा तपशील हे नीट जमावं यासाठी आहे.

आधी पुरावा समजून घ्या

ही पायरी वगळून थेट दुकानात जावंसं वाटेल, पण प्रमाण का कमी ठेवायचं ते इथेच कळतं.

स्वीडनमध्ये ४८ ते ८३ वयाच्या ३१,८२३ स्त्रियांवर सुमारे नऊ वर्षं लक्ष ठेवण्यात आलं आणि २०१० साली निष्कर्ष छापून आले. प्रश्न होता हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडण्याचा. चॉकलेट अजिबात न खाणाऱ्यांच्या तुलनेत, महिन्यातून एक ते तीन वेळा खाणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्क्यांनी आणि आठवड्यातून एक-दोनदा खाणाऱ्यांमध्ये ३२ टक्क्यांनी कमी आढळलं. आठवड्यातून तीन ते सहा वेळा खाणाऱ्यांमध्ये फरक जवळपास पुसला गेला. रोज खाणाऱ्यांमध्ये फायदा दिसला नाहीच, उलट आकडा धोक्याच्या बाजूला झुकला. या अभ्यासात वयस्कर स्त्रियांसाठी एका वेळचं प्रमाण धरलं होतं १९ ग्रॅम. अख्खा बार नव्हे, दोन-तीन छोट्या वड्या.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातून सत्तरीपुढच्या १,२१६ स्त्रियांचा साडेनऊ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्वचितच चॉकलेट खाणाऱ्यांपेक्षा आठवड्यातून किमान एकदा खाणाऱ्यांना धमन्यांच्या आजारांमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण कमी होतं. ही बातमी सगळीकडे झाली. पण पर्थच्याच स्त्रियांचा आणखी एक निष्कर्ष २००८ साली आला होता, त्याची फारशी चर्चा झाली नाही: रोज चॉकलेट खाणाऱ्यांच्या हाडांची घनता, आठवड्यातून एकदाही न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ३ टक्क्यांनी कमी होती. पाळी गेल्यावर हाडं आधीच ठिसूळ होत जातात. त्यामुळे रोजची वडी सुरू करण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर असावा.

अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या प्रकल्पात पाळी गेलेल्या ८३,३१० स्त्रियांची माहिती तपासली, तेव्हा मात्र चॉकलेट आणि हृदयविकार किंवा पक्षाघात यांचा एकंदरीत काहीच संबंध दिसला नाही.

हे तिन्ही निरीक्षणाचे अभ्यास आहेत. बायका काय खातात ते विचारायचं आणि पुढे काय होतं ते पाहायचं. यात एक मोठी खोच असते. ज्यांना मधुमेह झाला, वजन वाढलं किंवा छातीत दुखू लागलं, त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून चॉकलेट सोडतात. त्या ‘न खाणाऱ्यां’च्या गटात मोजल्या जातात आणि खाणाऱ्या गटात तुलनेनं निरोगी बायका उरतात. अशा वेळी चॉकलेटमुळे हृदय चांगलं राहिलं, की हृदय चांगलं म्हणून चॉकलेट चालू राहिलं, हे वेगळं काढणं अवघड होतं. संशोधक आकडेमोडीत याची दुरुस्ती करतात, पण ती पूर्ण होत नाही.

म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांचं वजन जास्त. अशी सर्वांत मोठी चाचणी म्हणजे कॉसमॉस, तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. ६५ व त्यापुढच्या वयाच्या १२,६६६ स्त्रिया आणि ६० व त्यापुढचे ८,७७६ पुरुष त्यात होते. निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हेनॉल (कोकोच्या बियांत नैसर्गिकपणे असणारी, रक्तवाहिन्यांवर काम करणारी द्रव्यं) असलेल्या कॅप्सूल दिल्या, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषधी घटक नसलेल्या. साडेतीन वर्षांहून थोड्या जास्त काळात हृदय-रक्तवाहिन्यांच्या एकूण घटना १० टक्क्यांनी कमी झाल्या, पण हा फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं खात्रीनं म्हणता येईल एवढा नव्हता. हृदयविकारानं होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. हा दुय्यम निष्कर्ष असल्यानं आशादायक म्हणायचा, पक्का नव्हे. या चाचणीला चॉकलेट उद्योगातल्या कंपनीचा निधी होता, हेही लक्षात असू द्यावं. आणि दिल्या होत्या त्या कॅप्सूल. साखर, स्निग्धांश असं काही त्यात नव्हतं. तेवढं फ्लॅव्हेनॉल बाजारातल्या चॉकलेटमधून मिळवायला जा, तर सोबत शेकडो कॅलरी पोटात जातील.

रक्तदाबाचं चित्र जास्त स्पष्ट आहे. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ३५ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. फ्लॅव्हेनॉलयुक्त कोकोमुळे रक्तदाब सरासरी पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास उतरला, आणि ज्यांचा आधीच वाढलेला होता त्यांचा वरचा आकडा ४ मिलिमीटरनं. रोज गोळी घेणाऱ्या बाईला ती बंद करता येईल, एवढा हा परिणाम नाही.

हे घडतं कशामुळे

रक्तवाहिनीच्या आत पेशींचं एक पातळ अस्तर असतं. त्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात. त्यानं वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते आणि रक्त सहज वाहतं. इस्ट्रोजेन या कामाला हातभार लावतं. पाळी गेल्यावर ते घटतं, धमन्या ताठर होऊ लागतात आणि रक्तदाबाचा वरचा आकडा चढू लागतो. चाळिशीपर्यंत ज्यांचं बीपी कमी भरायचं, त्यांचंही साठीत वाढलेलं दिसतं ते म्हणूनच. कोकोतली फ्लॅव्हेनॉल, विशेषतः एपिकॅटेचिन, या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला मदत करतात. कोको प्यायल्यावर एक-दोन तासांत हाताची धमनी थोडी जास्त रुंदावते, हे अल्ट्रासाउंडवर मोजता येतं.

म्हणजे काम करतं ते फ्लॅव्हेनॉल, आणि ते असतं कोकोच्या कोरड्या भागात. कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या बियांतल्या स्निग्धांशात नाही, साखरेत नाही, दुधातही नाही. खरेदी करताना हे एकच वाक्य आठवलं तरी निम्म्या चुका टळतील.

सुरुवात करण्याआधी आपली तब्येत तपासा

पुढच्यापैकी काही लागू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

मधुमेह असेल तर चॉकलेट पूर्ण वर्ज्य नाही, पण त्यातली साखर दिवसाच्या हिशेबात धरावी लागते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवणातलं काय कमी करून ही वडी बसवायची ते ठरवून घ्या.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर कोकोतलं पोटॅशियम आणि फॉस्फरस मोजावं लागतं. ऑक्झलेटचे मुतखडे होऊन गेले असतील तर कोको शक्यतो टाळाच, कारण त्यात ऑक्झलेट भरपूर असतं.

आम्लपित्त किंवा घशाशी येण्याचा त्रास असेल तर चॉकलेट तो वाढवू शकतं, कारण अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप त्यानं सैल पडते. अर्धशिशी असलेल्या काही जणींना चॉकलेटनं डोकं चढतं, सगळ्यांना नाही. छातीत धडधड किंवा अनियमित ठोके असतील तर प्रमाण अगदी कमी ठेवा आणि काय होतं ते पाहा.

आता औषधं. नैराश्यासाठी एमएओ इन्हिबिटर गटातली गोळी चालू असेल तर चॉकलेटबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका, कारण रक्तदाब एकदम उसळू शकतो. दम्यासाठी थिओफिलिन घेत असाल तर कोकोतलं कॅफिन आणि थिओब्रोमिन त्याच जातीचं आहे, थरथर आणि धडधड वाढते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना २० ग्रॅम चॉकलेटनं सहसा काही बिघडत नाही. कोको फ्लॅव्हेनॉलच्या तीव्र कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनानं सुरू करू नका. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चॉकलेटसोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, कारण कोकोतले घटक दोन्हींचं शोषण कमी करतात. थायरॉइडची गोळी तशीही उपाशीपोटीच घ्यायची असते.

वेष्टन वाचायला शिका

चॉकलेटच्या पुढच्या बाजूला जे लिहिलेलं असतं ते विकण्यासाठी असतं. पाकीट उलटा आणि घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. पहिला शब्द साखर असेल तर ते डार्क नावाचं असो वा मिल्क, परत ठेवा. पहिला शब्द कोको मास, कोको लिकर किंवा कोको सॉलिड्स असायला हवा.

मग टक्केवारी. ७० टक्के म्हणजे कोकोपासून आलेला एकूण भाग, त्यात कोको बटरही धरलेलं असतं. त्यामुळे ७० टक्क्यांच्या दोन बारमध्ये फ्लॅव्हेनॉल अगदी वेगवेगळं असू शकतं: एकात कोरडा कोको जास्त, दुसऱ्यात बटर जास्त. बिया किती आंबवल्या, किती भाजल्या यानंही फरक पडतो, आणि ते वेष्टनावर नसतं. म्हणजे टक्केवारी पाहून साखर कमी आहे हे कळतं, फ्लॅव्हेनॉल किती आहे हे कळत नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती अल्कलीच्या प्रक्रियेत. कोकोचा आंबट-तुरटपणा घालवून रंग गडद करण्यासाठी त्यावर अल्कली वापरतात, याला डच पद्धत म्हणतात. कोको पावडरच्या नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा प्रक्रिया न केलेल्या पावडरीत दर ग्रॅमला सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हेनॉल सापडलं. हलक्या प्रक्रियेनंतर १३.८, मध्यम प्रक्रियेनंतर ७.८ आणि जोरदार प्रक्रियेनंतर जेमतेम ३.९. काळाकुट्ट रंग म्हणजे अस्सल कोको, ही समजूत म्हणूनच उलटी पडते. नैसर्गिक कोको फिकट, तांबूस-तपकिरी असतो आणि जिभेला आंबूस-तुरट लागतो. यादीत ‘अल्कलीने प्रक्रिया केलेला’ असे शब्द किंवा कोकोसोबत ५०० किंवा ५०१ क्रमांकाचा आम्लता नियामक दिसला, तर ते चॉकलेट चवीसाठी खा, रक्तवाहिन्यांसाठी नाही.

वनस्पती तेल, पाम तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट यादीत असेल तर तेही नको. कोको बटरमधल्या संपृक्त स्निग्धांशात स्टिअरिक आम्लाचा वाटा मोठा आहे आणि ते वाईट कोलेस्टेरॉल फारसं वाढवत नाही. कोको बटर काढून त्या जागी स्वस्त फॅट घातलं की हा एकमेव मुद्दाही हातचा जातो. ‘शुगर फ्री’ चॉकलेटमध्ये बहुधा माल्टिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो. जास्त झालं की पोट फुगतं, जुलाब होतात, आणि कॅलरी काही शून्य नसतात.

प्रमाण ठरवा, आणि वजनकाट्यावर ठरवा

आमचा सल्ला असा: एका वेळी १० ते २० ग्रॅम, आठवड्यातून दोन, फार तर तीन वेळा. चॉकलेट ७० टक्क्यांच्या आसपासचं.

२० ग्रॅममध्ये साधारण १२० कॅलरी, ५ ते ६ ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश येतात. दिवसाला १,६०० कॅलरी पुरणाऱ्या स्त्रीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कडक शिफारशीनुसार, वरून घातलेली साखर २० ग्रॅमच्या आत असलेली बरी आणि संपृक्त स्निग्धांश १८ ग्रॅमच्या आत. म्हणजे दोन-तीन वड्यांतच दोन्हींचा चौथा हिस्सा संपला. तेवढ्याच मिल्क चॉकलेटमध्ये साखर १० ग्रॅमच्या पुढे जाते आणि कोको निम्म्याहून कमी.

अंदाजानं तोडू नका. वडीचा आकार कंपनीगणिक बदलतो, कुठे ४ ग्रॅमची तर कुठे १० ची. पाकीट आणल्या दिवशीच ते उघडा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक वडी तोला, आणि २० ग्रॅममध्ये किती वड्या बसतात ते वेष्टनावर पेननं लिहा. वजनकाटा नसेल तर बारचं एकूण वजन भागिले वड्यांची संख्या करा. ज्या दिवशी खायचं त्या दिवशी तेवढ्याच वड्या ताटलीत काढून उरलेलं बंद करून ठेवा. पाकीट हातात घेऊन टीव्हीसमोर बसलं की १०० ग्रॅम कधी संपतं ते कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: चॉकलेट कशाच्या जागी येणार, ते आधी ठरवा. ज्या दिवशी चॉकलेट, त्या दिवशी चहासोबतची गोड बिस्किटं नाहीत, किंवा जेवणानंतरचं दुसरं गोड नाही. ही अदलाबदल नसेल तर रोजच्या जास्तीच्या १२० कॅलरी वर्षभरात काही किलोंनी वजन वाढवतात. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमधल्या स्त्रियांच्या तीन वर्षांच्या नोंदींतही हेच आढळलं: चॉकलेट जितकं जास्त, तितकी वजनवाढ जास्त. पोटावरची चरबी रक्तदाब आणि रक्तातली साखर दोन्ही चढवते. मग दोन मिलिमीटरचा फायदा शोधत गेलो आणि जास्तीचं दुखणं घेऊन आलो, असं होतं.

कोकोचा कप: वडीपेक्षा चांगला पर्याय

ज्यांना रक्तवाहिन्यांसाठीच कोको हवा आहे, त्यांनी बारऐवजी बिनसाखरेची, अल्कली न वापरलेली कोको पावडर घ्यावी. सपाट भरलेला एक मोठा चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. त्यात फक्त ११-१२ कॅलरी आणि जवळपास २ ग्रॅम तंतू असतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१२ साली, रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकायला रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हेनॉल मदत करतं असा दावा मान्य केला. मात्र त्यासाठी भरपूर फ्लॅव्हेनॉल राखलेली पावडर २.५ ग्रॅम किंवा तसंच डार्क चॉकलेट १० ग्रॅम लागतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानंही २०२३ साली फक्त किमान ४ टक्के फ्लॅव्हेनॉल असलेल्या पावडरीला, तेही ‘पुरावा अत्यंत मर्यादित’ अशा शब्दांसह, दावा लिहायची मुभा दिली. साध्या चॉकलेटला दिली नाही.

करायची रीत सोपी आहे, पण क्रम चुकला की गुठळ्या होतात. कपात आधी पावडर घ्या. त्यावर दोन मोठे चमचे गरम पाणी घालून गुळगुळीत, चकचकीत पेस्ट होईपर्यंत घोटा. मग १५० मिलिलिटर गरम दूध किंवा पाणी थोडं थोडं ओतत ढवळा. पावडर थेट भरल्या कपात टाकली की तिच्यातल्या स्निग्धांशामुळे ती तरंगते, गोळ्याची बाहेरची बाजू भिजते आणि आत कोरडीच राहते. कडू वाटलं तर पहिले काही दिवस अर्धा चमचा साखर चालेल, पुढे कमी करत जा. दालचिनी किंवा वेलदोड्यानं कडवटपणा झाकला जातो.

दोन गोष्टी यात घालू नका. एक, खाण्याचा सोडा: तो अल्कलीच आहे, त्यानं फ्लॅव्हेनॉल नष्ट होतं. सोडा घातलेल्या चॉकलेट केकची गणती आरोग्याच्या पदार्थांत होत नाही ती यामुळेही. दोन, केळं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात केळं घातलेल्या स्मूदीसोबत फ्लॅव्हेनॉल घेतल्यावर शरीरात पोचणारं प्रमाण ८४ टक्क्यांनी घटलं. केळं कापल्यावर त्याला काळं करणारं विकरच (एन्झाइम) याला जबाबदार आहे. केळं खायचं तर वेगळ्या वेळी खा.

‘ड्रिंकिंग चॉकलेट’ लिहिलेली पावडर मात्र वेगळी. तिच्यात बहुतेक साखरच असते.

वेळ आणि साठवण

चॉकलेट दुपारच्या जेवणानंतर खावं. २० ग्रॅममध्ये कॅफिन १६ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे फार नाही, पण थिओब्रोमिन १६० मिलिग्रॅमपर्यंत असतं आणि ते शरीरात कॅफिनहून जास्त वेळ रेंगाळतं. ज्यांची झोप आधीच हलकी झाली आहे त्यांना रात्रीची वडी जागं ठेवते, वारंवार लघवीलाही उठवते. अपुऱ्या झोपेनं सकाळचं बीपी वाढतं.

१५ ते १८ अंश तापमानात, कोरड्या जागी, घट्ट बंद डब्यात ठेवा. वर पांढरट थर आला तर ती बुरशी नाही, कोको बटर किंवा साखर पृष्ठभागावर आलेली असते. खायला हरकत नाही. फ्रीजमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नका, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पाणी सुटून साखर वर येते.

कॅडमियम आणि शिसं

कोकोचं झाड जमिनीतलं कॅडमियम मुळांवाटे बियांत ओढून घेतं. शिसं बहुधा नंतर, बिया उघड्यावर वाळवताना धुळीतून चिकटतं. दोन्ही कोकोच्या कोरड्या भागात असतात. फ्लॅव्हेनॉलही तिथेच! त्यामुळे ९० टक्क्यांचं चॉकलेट ७० पेक्षा आपोआप चांगलं असं धरून चालत नाही. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेनं २०२२ साली २८ डार्क बार तपासले. त्यांतल्या २३ बारमध्ये, रोज सुमारे २८ ग्रॅम खाल्लं तर निदान एका धातूची संस्थेनं धरलेली मर्यादा ओलांडली जाईल, असं दिसलं. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठत जातं आणि हाडांनाही अपाय करतं. म्हणूनही रोज नको, आणि म्हणूनच एकाच कंपनीचं एकच चॉकलेट वर्षभर धरून बसू नका. दर पाकिटाला कंपनी आणि कोकोचं मूळ बदलत राहा.

तीन महिने नोंद ठेवा

सुरू करण्याआधी सात दिवस घरी रक्तदाब मोजा. सकाळी गोळ्या घेण्याआधी आणि संध्याकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, पाच मिनिटं स्वस्थ बसून. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर, बोलणं बंद. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, कोको नको. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर चॉकलेटचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

आठव्या आठवड्यात पुन्हा तसंच सात दिवस मोजा. दोन मिलिमीटरचा फरक दिसला तर हुरळू नका, एकाच दिवसात आकडे त्याहून जास्त वरखाली होतात. नाही दिसला तर प्रमाण वाढवू नका, फायदा वाढत नाही. रक्तदाबाची गोळी स्वतःहून कमी तर अजिबात करू नका. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी वजन करा आणि महिन्यातून एकदा कंबरेचा घेर मोजा. तीन महिन्यांत वजन किलोभर वाढलं असेल तर अदलाबदल झालेली नाही, चॉकलेट वरखर्च म्हणून चाललंय. मग बारऐवजी कोकोच्या कपावर या. मधुमेह असेल तर तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या.

ही लक्षणं दिसली तर

स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका नेहमी छातीत कळ येऊनच येतो असं नाही. जबडा, मान, पाठ किंवा हात दुखणं, अचानक दम लागणं, मळमळ, थंड घाम, कारण नसताना आलेला जबरदस्त थकवा, अशा रूपातही येतो. चॉकलेटनं ॲसिडिटी झाली असेल म्हणून वाट पाहणं घातक ठरतं. विश्रांतीनं काही मिनिटांत थांबलं नाही तर लगेच रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. पायांवर सूज, उशी उंच केल्याशिवाय झोप न येणं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, ही हार्ट फेल्युअरची लक्षणं असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि वजनाची व रक्तदाबाची वही सोबत न्या.